सुभेदारणीचं अंगण

आमच्या घराण्यात शूर माणसं बरीच झाली, असं मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबांनी म्हणे विहिरीत उतरून नाग बाहेर काढला होता. आई विंचू चपलेनं मारायची आणि तीच चप्पल पायात सरकवून भाजी आणायला निघायची. त्या घराण्यात मी जन्मले, आणि मी कशाला घाबरायची तर कोंबडीला. कोंबड्यांना म्हणत नाही, एका कोंबडीला. आता माझी मुलगी मोबाइलवरून चिकन मागवते आणि मी ते मजेत खाते, तरी डबा उघडताना क्षणभर मान मागं जातेच. तिला वाटतं, वाफ तोंडावर येते म्हणून.

छावणीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे आणि मागं अंगण. अंगण आमचं आणि शेजारच्या शकीलाखालांचं सामाईक होतं. भिंत कधी नव्हती आणि घालावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. आईची ज्वारीची भाकरी तव्यावर फुगली की तिचा वास खालांच्या घरात जायचा. शुक्रवारी खालांच्या खिचडीचा आणि खट्ट्याचा वास आमच्याकडं यायचा, आणि पाठोपाठ झाकलेली वाटी यायची. वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून आई तिच्यात शेंगदाण्याची चटणी घालून द्यायची. त्या चिंचेच्या आंबट खट्ट्यासाठी मी आणि दिनूदादा भांडायचो. दिनूदादा माझा थोरला भाऊ. तो कशालाच घाबरत नसे आणि ते दिवसातून दहादा सांगत असे.

त्या अंगणात खालांच्या कोंबड्या होत्या. भिंतीला टेकून विटांचं खुराडं, वर पत्र्याचा तुकडा, त्यावर दगड. आणि अंगणाच्या पार टोकाला, खुराड्याच्या पलीकडं, आमचा संडास. म्हणजे काहीही झालं तरी कोंबड्यांतून गेल्याशिवाय माणसाची सुटका नव्हती. कोंबड्यांची जी मुख्य होती तिला खाला लाडानं रानी म्हणायच्या. आम्ही मात्र तिला सुभेदारीण म्हणायचो. छावणीत साहेबापेक्षा साहेबाच्या बायकोला लोक जास्त वचकून असतात, त्यावरून दिनूनं ते नाव ठेवलं होतं. तांबूस काळं अंग, मानेवरची पिसं कुठल्यातरी जुन्या लढाईत गेलेली, आणि चाल अशी की अंगण तिच्या नावावर आहे. कोंबडी आपल्याकडं समोरून बघत नाही. मान वाकडी करते आणि एकच डोळा लावते. तो डोळा माझ्यावर लागला की मी मागच्या मागं घरात शिरायची. मी एका हातात पाण्याचं टमरेल आणि दुसऱ्या हातात ढालीसारखं आईचं सूप धरून संडासला जायची. आई ओरडायची, "अगं, धान्य पाखडायचं सूप आहे ते. कुठं घेऊन चाललीस?" खाला दारात बसून हसायच्या. "नक्को डरू गे बेटा. मुर्गी हय, शेर नई." मला ते पटायचं, पण पायांना पटत नसे.

अशा घरात अप्पांनी पिल्लं आणली. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका दवाखान्यात कंपाउंडर होते. कन्नडला लग्नाला गेले, आठवडी बाजारातून हिंडले आणि येताना एसटीत मांडीवर टोपली घेऊन बसून आले. टोपलीत पिवळी, करडी, हातात मावतील अशी पिल्लं. आईनं आधी टोपलीकडं बघितलं, मग अप्पांकडं. अप्पा म्हणाले, पोरांना घरची अंडी मिळतील. आई म्हणाली, अंडी द्यायला ती आधी जगली पाहिजेत. झालं. अप्पांनी ते आव्हान म्हणून घेतलं. दवाखान्यातनं औषधाचा मोठा खोका आला. त्यात वर्तमानपत्र अंथरलं, वरून दिवा सोडला. पाण्याला बाटलीचं झाकण, त्यात दोन खडे, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून गार होणार नाही. खायला ज्वारीची बारीक कणी. आणि हे सगळं सांभाळायला मी, कारण दिनूची परीक्षा होती. दिनूची परीक्षा घरात काम निघालं की नेहमीच असायची.

सुरुवातीला मी पिल्लांनाही घाबरत होते. हातात घेतलं की आत काहीतरी धडधडायचं आणि कळायचं नाही की ते पिल्लाचं काळीज आहे की माझं. पण पिल्लाची चोच बोचत नाही, गुदगुल्या करते. हळूहळू मी त्यांचे आवाज ओळखू लागले. पोट भरलेलं असलं की ती एकमेकांशी पुटपुटल्यासारखी बोलतात. थंडी वाजली की एकच टोकदार आवाज काढतात, तो कानातून थेट छातीत जातो. संध्याकाळी वीज गेली की तो आवाज सुरू व्हायचा आणि मी अभ्यास टाकून धावायची. अप्पा रबरी पिशवीत गरम पाणी भरून द्यायचे, मी ती फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची आणि वीज येईपर्यंत वर हात धरून बसायची. हात कशाला, ते मला माहीत नव्हतं. काढला तर एखादं मरेल असं वाटायचं. आजही वीज गेली की घरातले मेणबत्ती शोधतात आणि माझा हात आपोआप पुढं होतो, मग मी तो पदराला पुसल्यासारखं करते.

नावं दवाखान्यातलीच ठेवली. मिक्श्चर, गोळी, मलम. सगळ्यात बारीक होती तिचं नाव पुडी. पुडीचा एक पाय जरा आत वळलेला. ती चालताना प्रत्येक पावलाला विचार केल्यासारखी थांबायची. बाकीची माझ्या हातातली कणी खाऊन पळायची. पुडी खाऊन झालं की हातातच बसायची. मी घाबरट, ती लंगडी. दिनू म्हणायचा, "बरी जोडी जमली."

पंख फुटले तशी ती खोक्यातून उड्या मारायला लागली. एक दिवस मिक्श्चर पिठाच्या डब्यावर सापडला आणि आईनं निकाल दिला. दोन खोल्यांच्या घरात आता एक तर पिल्लं राहतील नाहीतर ती स्वतः राहील. पिल्लांनी खालांच्या कोंबड्यांत जायचं ठरलं. खालांची काही हरकत नव्हती. फक्त म्हणाल्या, एकदम सोडू नका. त्यांनी बांबूचं मोठं डालगं आणलं, अंगणात उपडं घातलं आणि पिल्लांना त्याखाली ठेवलं. आतून ह्यांनी बघायचं, बाहेरून त्यांनी. "पैले चेहरा पैचान होने दो," खाला म्हणाल्या. सुभेदारीण डालग्याभोवती फेऱ्या मारायची. एक डोळा लावून एकेकाला बघायची. घशातून हलका, लांब आवाज काढायची. पिल्लं गप्प व्हायची आणि एकमेकांत घुसायची. खिडकीत उभी राहून मीही गप्प व्हायची.

ज्या दिवशी डालगं उचललं त्या दिवशी खालांनी दाणे लांबवर फेकले, म्हणजे मोठ्या कोंबड्या खाण्यात गुंततील. मिक्श्चरनं पळून जीव वाचवला, गोळी आणि मलम भिंतीला चिकटून राहिली. पुडीला पळता आलं नाही. सुभेदारणीनं तिला मानेवर एकच टोचा मारला. थोडं रक्त आलं. मी किंचाळले, खालांनी पुडीला उचललं आणि अप्पा बाटली घेऊन आले.

बाटलीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात लाल औषध हे औषध नव्हतं, ती श्रद्धा होती. गुडघा फुटला, लाल औषध. बोट कापलं, लाल औषध. खालांचा हात तव्याला लागला तरी अप्पा कापूस बुडवून हजर. आमच्या घरातल्या सगळ्या पोरांचे गुडघे बारा महिने लाल असायचे, आणि अप्पा त्याकडं असे बघायचे जसा शेतकरी पिकाकडं बघतो. शेजारी जांभळ्या औषधाचीही बाटली होती, पण ती फक्त तोंड आलं की जिभेला लावायची. कातडीला लाल, तोंडाला जांभळं. हा नियम कधी मोडला नाही. त्या दिवशी अप्पांनी पुडीच्या मानेला मनसोक्त लाल औषध लावलं. ते पिसांतून खाली ओघळलं. पुडी लाल मफलर घातल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या पिल्लांकडं कुणी फारसं बघितलं नाही. एखादा टोचा, एखादी हूल, संपलं. पण पुडी बाहेर आली मात्र, सुभेदारीण अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून मान खाली घालून धावत आली. आणि यावेळी ती एकटी नव्हती, तिच्यामागं दुसऱ्याही दोघीतिघी होत्या. आम्ही पुडीला सोडवलं. संध्याकाळी अप्पांनी पुन्हा औषध लावलं, जरा जास्तच. तिसऱ्या दिवशी आणखी जोरात. सगळे चक्रावले. खाला म्हणाल्या, इतक्या कोंबड्या पाळल्या, इतकी दुश्मनी कुणाशी बघितली नाही. आई म्हणाली, लंगडीला नाय घेत त्या, जनावराचं असंच असतंय. अप्पा म्हणाले, जखम चिघळतीय, औषध वाढवायला पाहिजे. मी पुडीला डालग्याखाली ठेवायची आणि बाहेर बसून राहायची. बाकीची पिल्लं संध्याकाळी खुराड्यात शिरायची, आतून कुरकुर ऐकू यायची, आणि पुडी ते ऐकत मान वर करून बसायची.

मग आईनं सांगितलं की रविवारी बिडकीनचा मामा येणार आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ. मामा प्रेमळ होता, पण त्याचं प्रेम रश्श्यावर जास्त होतं. त्याच्याकडं आजवर जी कोंबडी 'सांभाळायला' गेली ती पुढच्या रविवारनंतर कुणाला दिसली नाही. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पुडी रविवारपर्यंत खुराड्यात गेली तर गेली. नायतर मामा नेईल. रोज टोचून मरण्यापेक्षा ते बरं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडून ओरडून काही करू शकले असते. ती खरंच विचार करून बोलत होती, म्हणून मी घाबरले.

शनिवारी संध्याकाळी मी टमरेल घेऊन निघाले. सूप आईनं लपवून ठेवलं होतं. मी खुराड्यापाशी पोचते तोच सुभेदारणीनं डोळा लावला. तिनं काही केलं नाही, हे मी आज शपथेवर सांगते. पण मी पळाले, कपडे धुवायच्या दगडाला अडखळले आणि गुडघा सोलवटला. अप्पा बाटली घेऊन आले. "तुला काय कोंबडी खाती काय गं?" असं विचारत त्यांनी माझा गुडघा वाटीएवढा लाल करून टाकला.

रविवारी सकाळी मामा आला. ओट्यावर बसून चहा बशीत ओतताना त्यानं डालग्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हीच काय ती? बारीक आहे. पण चालंल." मामानं पुडीला नीट बघितलंही नव्हतं, पण मला वाटलं त्यानं तिचे तुकडेसुद्धा मोजले. खाला नुकत्याच दाणे टाकायला बाहेर आल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "खाला, एकदा सोडते. शेवटचं." खालांनी आईकडं बघितलं, आईनं हो म्हणून मान हलवली. मी डालगं उचललं.

पुडी दोन पावलं चालली, थांबली. सुभेदारणीनं दाण्यातून मान वर काढली. मला वाटतं मी त्याच क्षणी पुडीला उचललं, कारण पुढचं आठवतं ते एवढंच की मी खुराडं आणि संडासाची भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात होते, पाठ विटांना लागली होती, पुडी माझ्या फ्रॉकमध्ये दडवलेली होती आणि समोर सुभेदारीण. तिच्यामागं दुसऱ्या कोंबड्या. बाहेर जायला वाट नव्हती. ओट्यावरून दिनू हसत होता, ते ऐकू येत होतं, पण ते कुठंतरी दुसऱ्या गावात चालल्यासारखं. सुभेदारणीनं मान वाकडी केली. तो डोळा पिवळा, गोल, मध्ये काळा ठिपका. मी रडत नव्हते. रडायलासुद्धा श्वास लागतो.

तिनं टोचलं ते माझ्या गुडघ्याला.

बरोबर जखमेवर. पुन्हा टोचलं. मागची एक पुढं आली आणि तिनंही गुडघ्यालाच टोचलं. पुडी माझ्या हातात होती, तिचा पाय बाहेर लोंबत होता, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मी वेदनेनं गुडघ्यावर हात ठेवला. सुभेदारीण थांबली. मान इकडं केली, तिकडं केली, जसं समोरचं काही हरवावं. मी हात काढला. ती परत आली. मी हुशार होते म्हणून मला कळलं असं नाही. शाळेत गणितात मला काय मिळायचं ते दिनूला विचारा. मला ते गुडघ्यातून कळलं.

आता काय करावं? पुडीची मानही लाल होती. मग मी जे केलं त्याची दिनू पुढं वर्षभर नक्कल करत होता. मी पुडीला हळूच माझ्या एका बाजूला, जिथं दाणे पडले होते तिथं खाली ठेवलं आणि गुडघा पुढं काढला. तो लाल गुडघा पुढं धरून मी भिंतीला पाठ लावत, खेकड्यासारखी, एकेक पाऊल दुसऱ्या बाजूला सरकू लागले. सुभेदारीण आली. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. टोचत, थांबत, पुन्हा टोचत. मी दात खाऊन सरकत राहिले. आणि माझ्यामागं, पहिल्यांदाच, मला पुडीच्या चोचीचा आवाज आला. दाणा, विचार, दाणा, विचार.

"अरे, या पोरीला काय झालं?" मामा उठला. खाला दाण्याचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अप्पा बशी हातात धरून ओट्याच्या कडेला आले. त्यांनी आधी माझा गुडघा बघितला, मग गुडघ्यामागं चाललेल्या कोंबड्या, मग पुडीची मान. बराच वेळ त्यांनी बशी खाली ठेवली नाही. मग ती तशीच ठेवून आत गेले. खालांनी 'हुश, हुश' करून कोंबड्या बाजूला केल्या आणि मला कोपऱ्यातून बाहेर ओढलं. "या अल्ला," त्या माझ्या गुडघ्याकडं बघत पुटपुटल्या, "लाल देख के आते थे."

अप्पा बाहेर आले ते जांभळी बाटली घेऊन. पुडीला मांडीवर घेतलं, लाल पिसं कापसानं पुसता येतील तेवढी पुसली आणि वरून जांभळं लावलं. दोनदा लावलं. लाल कुठं राहिलं नाही ते मान फिरवून बघितलं. मग तिला दाण्यांत सोडलं. सगळे उभे होते. मामासुद्धा चहा विसरला होता. सुभेदारीण आली, एक डोळा लावला. मी खालांच्या पदरात तोंड खुपसलं, म्हणून पुढचं मला खालांनी सांगितलेलं आहे. तिनं पुडीच्या डोक्यावर एक टोचा मारला, हलका, शिस्तीचा. पुडी खाली दबली. मग सुभेदारीण वळली आणि दाणे टिपायला लागली.

"बस," खाला म्हणाल्या. "सलाम हो गया."

मामा दुपारी भाकरी आणि पिठलं खाऊन, मोकळ्या हातानं, जीपनं बिडकीनला गेला. जाताना मला म्हणाला, "लई जिगरीची हाय भाची माझी." आयुष्यात मला कुणी जिगरीचं म्हटलं ते तेवढंच, आणि ते अशा माणसानं की ज्याचं जेवण मी हुकवलं. परवा छावणीतून रिक्षानं जात होते. ते पत्रे नाहीत, ते अंगण नाही, गल्लीसुद्धा मी दोनदा चुकले. पण एक कोंबडी रस्त्याच्या कडेला उकिरडा उकरत होती. मी पाय आत घेतले.

त्या रविवारी संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला खालांनी मला बोलावलं. मी आत वाकून बघितलं. वरच्या दांडीवर सुभेदारीण, तिच्या शेजारी तिच्या मर्जीतल्या, खाली मिक्श्चर, गोळी, मलम, आणि सगळ्यात खाली विटेवर, मलमला चिकटून, पुडी. जांभळी मान पोटात घातलेली. ती पुटपुटत होती, पोट भरल्यावर पुटपुटायची तशी. सुभेदारणीनं वरून डोळा लावला. मी घाईनं दार लावलं आणि दगड टेकवला.

घरात आले तर अप्पा दिव्याखाली बसले होते. "इकडं ये, गुडघा दाखव," म्हणाले. गुडघ्याची चाळणी झाली होती. त्यांनी गरम पाण्यानं हळूहळू धुतलं. चुकलं असं अप्पा कधी म्हणाले नाहीत, ना आईला, ना दवाखान्यात, ना मला. त्यांनी कापूस घेतला आणि हात फळीकडं नेला. तिथं दोन्ही बाटल्या होत्या. हात मध्येच थांबला. मग त्यांनी माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं,

"कोणतं लावू?"